बनियनमधला हॅकर

आमच्या चित्रकलेच्या सरांना दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य चालायचा नाही.

पाचवीत आलेलं प्रत्येक पोर पहिल्या तासाला तेच चित्र काढायचं. दोन डोंगर, मधून सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. मीही काढलं होतं. सरांनी माझी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि अगदी मायेनं विचारलं, "हे तू कुठं पाहिलंस?" मी म्हणाले, कुठंच न्हाई, सगळी काढत्यात म्हणून काढलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्यांनी आख्खा वर्ग शाळेमागच्या माळावर नेऊन बसवला. सूर्य उगवला तो विजेच्या एका खांबाला चिकटून, आणि त्याच्यासमोरून एक गृहस्थ टमरेल घेऊन गेले. सर म्हणाले, हे काढा. आम्ही टमरेलासकट काढलं. पंधरा ऑगस्टला ती चित्रं शाळेच्या व्हरांड्यात लागली आणि ते गृहस्थ कोण, हे साऱ्या गावानं ओळखलं. त्यांनी पुढं वाट बदलली.

सर मूळचे वाईचे. आमचं गाव कवठे महांकाळहून एसटीनं जरा आत. तिथं ते बदली होऊन आले आणि परत जायचं विसरले असं माझे वडील म्हणायचे. उंच, किडकिडीत, एक खांदा वर एक खाली, आणि काखेत कॅनव्हासचं घडीचं स्टूल. जिथं काही दिसेल तिथं स्टूल उघडून बसायचे. एक डोळा मिटायचा, पेन्सिल धरलेला हात ताठ पुढं करायचा आणि अंगठ्यानं माप घ्यायचं. म्हैस असो, मास्तर असो की नवरदेव असो. एका लग्नात अक्षता पडायच्या वेळी त्यांनी नवऱ्याच्या बापाला सांगितलं होतं की मुलाचा डावा कान उजव्यापेक्षा बराच खाली आहे, मुंडावळ्या त्या हिशेबानं बांधा. सांगण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना दिसलं होतं म्हणून सांगितलं.

"पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही," हे त्यांचं एकच वाक्य. सगळ्या वर्गांना, सगळी वर्षं तेच.

जेवायला ते गावातल्या एका मावशींकडं जायचे. मावशी ताट वाढायच्या आणि सर वही काढून ताटाचं चित्र काढायला बसायचे. तेवढ्यात आमटीवर साय धरायची. मावशींना त्याचा लई राग. शेवटी त्यांनी रोज तंतोतंत तेच वाढायला सुरुवात केली आणि सांगितलं, आवं सर, कालच्यागत हाय, काढू नका, नुसतं खावा. सरांनी ताटाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले की कालची भाकरी गोल होती. मग वही काढली.

अशा माणसाच्या ताब्यात शाळेची कॉम्प्युटरची खोली कशी आली, तर हेडमास्तरांमुळं. मुंबईच्या कुठल्याशा दानशूर मंडळींनी शाळेला कॉम्प्युटर दिले होते. शिकवायला एक तरुण सर होते, त्यांना सांगलीला बरी नोकरी लागली आणि ते गेले. खोलीला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा हेडमास्तरांनी किल्ली चित्रकलेच्या सरांपुढं ठेवली. म्हणाले, स्क्रीनवर चित्रंच दिसतात ना, आणि चित्र हा तुमचा विषय.

आम्ही आठवीतले, खूश होऊन गेलो. सरांनी कॉम्प्युटर सुरूच करू दिला नाही. आधी बाहेरून काढा म्हणाले. बरेच तास आम्ही कॉम्प्युटर बाहेरून काढत होतो. मग त्यांनी शिपाईमामांकडून स्क्रू काढून घेतले आणि आतून काढायला लावला. त्याच सुमारास शाळेची तपासणी आली. साहेबांनी पाहिलं तर आठवीची पोरं उघड्या कॉम्प्युटरभोवती बसून त्याच्या पोटातली एकेक तार टिपून घेत होती. हेडमास्तर म्हणाले, हार्डवेअर शिकवतोय. साहेबांनी लेखी शाबासकी दिली. सरांना हार्डवेअर म्हणजे काय हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की आतला पंखा फार सुबक आहे.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळांसाठी एक स्पर्धा निघाली. मुलांनी कॉम्प्युटरवर स्वतःचं कॉमिक तयार करायचं, विषय सायबर सुरक्षा. आमच्या वर्गातून तिघं उभी राहिलो. संग्राम, पल्लवी आणि मी. संग्राम गोष्ट लिहिणार, कारण तो सबंध वर्गात सगळ्यात जास्त खोटं बोलायचा. पल्लवीचा हात माऊसवर चांगला बसलेला, ती रंगवणार. मी मागची घरं, झाडं, रस्ते करणार.

संग्रामची गोष्ट तयारच होती. एक भयानक हॅकर असतो. काळा टोपीवाला कोट, चेहरा अंधारात, नुसते लाल डोळे, पाठीमागं हिरवे आकडे पडतायत. तो आपल्या गावाची पाण्याची टाकी हॅक करतो आणि गावाला कोरडं पाडतो. मग तीन हुशार मुलं त्याचा पासवर्ड ओळखतात आणि गाव वाचवतात. त्यातला एक मुलगा जास्त हुशार असतो आणि त्याचं नाव संग्राम असतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही हॅकर पाहिला आहे का?"

संग्रामनं सांगितलं की हॅकर दिसतच नसतो, म्हणून तर तो हॅकर. सरांना ते पटलं नाही. माणूस आहे ना, मग त्याला नाक असेल, गुडघे असतील, तो कशावर तरी बसत असेल. एक हॅकर शोधा, मग चित्राला हात लावू.

कवठे महांकाळला एसटी स्टँडच्या मागं एक लहानसं दुकान होतं. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन अर्ज. बाहेर पाटी होती, "हॅक झालेलं खातं परत मिळवून देऊ". संग्राम म्हणाला, चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तोच हॅकर. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हाला घेऊन निघाले. दुकानासमोर रसवंती होती. सरांनी तिच्या सावलीत स्टूल उघडलं, एक डोळा मिटला आणि पेन्सिल धरून हात पुढं केला.

दुकानदार बिचारा कुणाचा तरी अर्ज भरत होता. त्यानं मान वर केली तर समोर एक अनोळखी माणूस एका डोळ्यानं त्याच्याकडं रोखून बघतोय, मापं घेतोय आणि कागदावर काढतोय. बाजूला तीन पोरं गप्प उभी. त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग घाम पुसला. मग उठून आमच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की त्यानं आजवर फक्त एका मेव्हण्याचं खातं उघडून दिलंय आणि तेही मेव्हण्याच्या बायकोच्या सांगण्यावरून. सर म्हणाले, "मान हलवू नका, जबडा चांगला आहे."

तो आत गेला आणि शटर ओढलं. पुढच्या शनिवारी आम्ही उरलेलं चित्र पुरं करायला गेलो तेव्हा पाटी पुसलेली होती आणि तिथं नुसतं "पासपोर्ट फोटो" लिहिलं होतं.

हॅकर शेवटी गावातच मिळाला. पल्लवीच्या शेजारचा प्रमोददादा इंजिनिअर होता, पुण्यात एका कंपनीत. कंपन्यांना कुणी हॅक करू नये म्हणून काम करणारी जी माणसं असतात त्यातला एक. त्या दिवसांत तो घरून काम करत होता. त्यांच्या घरात नेटवर्क यायचं नाही, गोठ्यापुढच्या लिंबाखाली यायचं. म्हणून लिंबाखाली खाट, खाटेवर मांडी घालून प्रमोददादा, मांडीवर लॅपटॉप, अंगात बनियन, बनियनला काखेजवळ भोक. मागं म्हैस आणि चार्जरची वायर चघळणारं रेडकू. मधूनमधून त्याची आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, आतून ओरडायची की भाकरी गार झाली.

संग्रामला तो हॅकर म्हणून अजिबात मान्य नव्हता. पण सरांनी त्याला सरळ विचारलं, तुमच्या धंद्यातला खरा हॅकर दिसतो कसा? प्रमोददादानं स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "माझ्यासारखाच सर. बसून असतोय. कंबर दुखत्या."

सरांचा चेहरा उजळला. स्टूल उघडलं गेलं. तीन संध्याकाळी ते तिथं बसले आणि बघण्यासारखं सगळं त्यांनी काढलं. हनुवटीवरचा तीळ, खाटेची सैल झालेली सुंभाची वीण, रेडकाच्या तोंडातली वायर. बनियनचं भोक काढायला लागले तेव्हा काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या की आवं सर, चित्रात तरी त्याला इस्त्रीचा शर्ट घाला. त्याचं लग्नाचं बघतोय आमी. सर म्हणाले, आधी अंगात घाला, मग चित्रात आपोआप येईल. काकूंनी कपाटातून शर्ट आणला. प्रमोददादा म्हणाला, उकडतंय. भोक राहिलं.

त्यानंतर आमचं काम सुरू झालं. सर पेन्सिलीनं कागदावर काढायचे, आम्ही फोटो घेऊन कॉम्प्युटरवर चढवायचो आणि पल्लवी त्यावरून रेघा ओढून रंग भरायची. सरांनी एकदाच माऊस हातात धरला. साबणाच्या वडीनं चित्र काढल्यासारखं वाटतंय म्हणून लगेच ठेवून दिला.

मोठं भांडण झालं ते फुग्यांवरून. कॉमिकमध्ये माणसाच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघतो, त्यात वाक्य असतं. सरांनी साफ नकार दिला. आजवर एवढी माणसं बोलताना पाहिली, कुणाच्या तोंडातून फुगा निघालेला पाहिला नाही, म्हणाले. पल्लवीनं समजावलं, मी समजावलं. संग्राम म्हणाला, फुगा नसला तर हा माणूस टाकी हॅक करतोय हे कळायचं कसं? खाटेवर बसून नुसता ताक प्यायला आल्यागत दिसतोय. दोन दिवस सर आमच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, काढा तुमचे फुगे. ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि आम्ही फुगे काढले. संग्रामनं पान चारवर, प्रमोददादाच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिलं: "उद्या सकाळी या गावची टाकी रिकामी होणार. पाण्याचा एक थेंब मिळणार नाही."

आता त्या पानाचं काय झालं ते.

सरांकडं नवा फोन होता, बहिणीनं वाईहून पाठवलेला. कॉमिकची पानं एकमेकांना दाखवायला आम्ही एक ग्रुप केला होता. सर गावाच्या ग्रुपवरही होते, घरमालकानं त्यांना त्यात घातलं होतं. पान चार पुरं झालं त्या दिवशी सरांनी ते घरी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं, त्यांना ते फार आवडलं, आणि संध्याकाळी त्यांनी ते आम्हाला शाबासकी म्हणून पाठवलं. ते गेलं गावाच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, "उत्तम! अगदी जसंच्या तसं." मग नेहमीप्रमाणे त्यांनी फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं, कारण तो वाजला की त्यांची रेघ हलायची.

मी अंगणात होते. वडील फोन घेऊन घाईघाईनं आले आणि आईला म्हणाले की हंडे काढ, प्रमोदनं टाकी हॅक केली. मी सांगितलं की आवं, ते आमचं कॉमिक हाय. वडील म्हणाले, "गप. खुद्द सरांनी टाकलंय. आन खाली लिव्हलंय, जसंच्या तसं."

ती नेमकी पाणी सोडायची वेळ. आमच्या गावची टाकी कुठल्याही कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती. पाणी सोडणारे तात्या लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, झालं. ते स्वतः चावी हातात धरून सांगत होते की बाबांनो, चावी माझ्याकडं हाय, हॅक कशी हुईल? पण सांगता सांगता त्यांनीही घरी निरोप धाडला की पिंप भरून ठेवा. माणसं त्यांच्याभोवती उभी राहिली आणि व्हॉल्व्ह बंद करू देईनात. हंडे भरले, कळशा भरल्या, बॅरल भरले. देवळातली महाप्रसादाची काहील भरली. आमच्या आईनं कुकर भरला, डबे भरले आणि शेवटी माझी पाण्याची बाटली भरून दप्तरात ठेवली. पल्लवीच्या घरी बाळाच्या अंघोळीचा टबसुद्धा भरला, आणि बाळाला बिनअंघोळीचंच झोपवलं.

सकाळी टाकी ठणठणीत रिकामी होती.

म्हणजे चित्रात लिहिलेलं अक्षरशः खरं झालं. काल ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली. निम्मं गाव प्रमोददादाच्या दारात जमलं.

काकू ग्रुपवर नव्हत्या आणि प्रमोददादा कामाच्या वेळी फोन बंद ठेवायचा. त्या घराला काहीच ठाऊक नव्हतं. उलट आदल्या दिवसापासून त्यांची वेगळीच धावपळ. त्या सकाळी आष्ट्याहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. मुलीचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, आणि मुलगी स्वतःही घर बघायला येणार म्हणालेली. काकूंनी सगळं घर सारवून, पुसून, उदबत्त्या लावून ठेवलं होतं. प्रमोददादाला अखेर इस्त्रीचा शर्ट चढवला होता. फक्त पाणी भरायचं राहिलं होतं.

आम्ही तिघं सरांच्या खोलीवर धावलो. खोलीला कुलूप. मावशींकडं गेलो तर त्या म्हणाल्या, टाकी रिकामी झाली हे ऐकून हातातला चहा ठेवून गेले. टाकीजवळ गेलो तर लोखंडी शिडीच्या अगदी वर सर. टाकीचं झाकण उघडं, सरांचं डोकं आत आणि बाकीचे सर बाहेर. संग्रामनं खालून हाक मारली. आतून घुमल्यासारखा आवाज आला की जरा थांबा, रिकामी टाकी पुन्हा कधी पाहायला मिळणार.

मग संग्रामनं खालून सगळं सांगितलं. कुठल्या ग्रुपवर पान गेलं, गावानं काय केलं, आता प्रमोददादाच्या दारात काय चाललंय. सर हळूहळू शिडी उतरले. खाली आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. स्टूल वरच राहिलं. त्यांना स्टुलाशिवाय चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा आष्ट्याची जीप नुकतीच येऊन थांबली होती. सुभेदार खाली उतरले, गर्दी पाहिली आणि सवयीनं आधी तिला शिस्तीत उभं केलं. बायका एकीकडं, माणसं एकीकडं. मग विचारलं, बात क्या है? एकानं फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चित्र पाहिलं, प्रमोददादाकडं पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. तीळसुद्धा जुळत होता. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. ते मला अजून दिसतं. आतापर्यंत आम्हाला थोडी गंमत वाटत होती, ती तिथं संपली. प्रमोददादा सांगून सांगून थकला होता की टाकी हॅक करायला टाकीत कॉम्प्युटर लागतो. कुणी ऐकत नव्हतं.

सर गर्दीतून पुढं गेले. म्हणाले की ती मुलांची गोष्ट आहे, स्पर्धेसाठी केलेली, आणि चुकून त्यांच्या हातून इकडं आली.

तात्या पुढं आले. सकाळपासून गाव त्यांच्याही डोक्यावर खापर फोडत होतं. ते सरांचे वैरी नव्हते. उलट त्यांची दोन्ही मुलं सरांच्या हाताखालून गेली होती. ते म्हणाले, "सर, तुमी बघितल्याबिगर रेघ ओढत न्हाई. माझ्या पोरांना तुमीच शिकवलंय. मग ह्याला तुमी हे करताना बघितलं असंलच की."

सगळ्या माना हलल्या. कारण बरोबर होतं. इतकी वर्षं सरांनी गावाला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

मला वाटलं सर फुग्यांचं आमच्यावर ढकलतील. ढकललं असतं तर ते खोटंही नव्हतं, ते तर खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली जमिनीकडं बघून काहीतरी पुटपुटले. सुभेदार म्हणाले, जोर से. सर पुन्हा बोलले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की हितं काय ऐकू येत न्हाई. तेव्हा सरांनी मान वर केली आणि शाळेतल्या प्रार्थनेला काढतात तसा आवाज काढून म्हणाले, "मी हे न पाहता काढलं. या मुलानं टाकीचं काहीही केलेलं मी पाहिलेलं नाही. मी खोटं चित्र काढलं."

ऐकून माणसं खाली बघायला लागली. एखाद्या माळकऱ्यानं चारचौघांत मटण खाल्ल्याचं कबूल करावं तसं ते झालं होतं. तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग जीपमधून मुलगी उतरली. तिनं वडिलांच्या हातातला फोन घेतला, चित्र मोठं करून बघितलं आणि सरांना विचारलं, "मग हे बनियनचं भोक पण खोटंच का?"

सर एकदम ताठ झाले. "नाही," म्हणाले. "ते पाहून काढलं आहे."

प्रमोददादानं काख मिटली. शर्ट अंगात असूनही मिटली. मुलगी हसायला लागली, मग सुभेदार हसले, मग सुभेदार हसले म्हणून गाव हसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या रागानं म्हणाल्या की मी तवाच शर्ट आणून दिलता.

पाहुण्यांना चहा करायला घरात पाणी नव्हतं. आरोप करायला आलेल्या बायकाच घरी जाऊन हंडे घेऊन आल्या. इतके हंडे आले की ओसरीवर ठेवायला जागा राहिली नाही. लग्न जमलं. पुढं मुलीनं सांगितलं की बायोडेटातल्या फोटोत प्रमोददादा इतका गोरा आणि गुळगुळीत दिसत होता की तिचा विश्वासच बसला नव्हता. चित्र पाहिल्यावर बसला.

स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला होता, "चित्रे चांगली. परंतु हॅकर हॅकरसारखा वाटत नाही." संग्राम म्हणाला, मी तेच सांगत होतो. सरांनी शेरा शांतपणे वाचला आणि आम्हाला विचारलं की या परीक्षकांनी हॅकर कुठं पाहिला असेल?

पण त्या सकाळनंतर सरांचं काहीतरी बिनसलं होतं. वर्गात यायचे, फळ्यावर काहीतरी काढायला खडू उचलायचे आणि परत ठेवायचे. एकदा म्हणाले, घरून भूत काढून आणा. आम्ही आनंदानं तऱ्हेतऱ्हेची भुतं काढून आणली. त्यांनी ती एकेक करून फार लक्ष देऊन पाहिली, जशी एखादी परकी भाषा वाचावी. मग स्वतः फळ्यावर भूत काढायला गेले. बराच वेळ गेला. घंटा झाली. फळ्यावर एक पाय निघाला होता आणि त्यात शिपाईमामांची चप्पल होती.

मी दहावी होऊन सांगलीला गेले, पुढं पुण्यात ॲनिमेशन शिकायला आले. सर निवृत्त होऊन वाईला बहिणीकडं राहायला गेले. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना फोन केला. म्हणाले, बरं झालं तू केलास, फोन आला तर घेता येतो, मला करता येत नाही, फोन उघडत नाही. मी म्हणाले, घरी जाता जाता वाईला उतरते.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीजवळ टेबल, टेबलावर फोन. सर वाळले होते, खांदा आणखी खाली आला होता. त्यांच्या बहिणीनं चहा आणला आणि सांगितलं की तुझे सर सकाळपासून त्या फोनशी भांडतायत. मी विचारलं, सर, उघडायला आकडे आहेत की रेघ आहे? सर म्हणाले, रेघ. नऊ ठिपके येतात, त्यावर बोटानं रेघ ओढायची.

कुठली रेघ ते त्यांना सांगता येईना. रोज खिडकीतून खाली बघायचे आणि दिसेल ते ठिपक्यांवर ओढायचे. खाली कृष्णेचा घाट दिसायचा. वर्षभर फोन उघडत होता. मग समोर इमारत व्हायला लागली. आता खिडकीभर नुसती हिरवी जाळी आणि बांबू होते. त्यांनी बांबू ओढून पाहिले होते, जाळी ओढून पाहिली होती. फोन म्हणायचा, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

मी म्हणाले, घाट आठवून ओढा की. ते म्हणाले, आता दिसत नाही.

मी फोन त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "सर, डोळे मिटा."

त्यांनी माझ्याकडं जरा घाबरल्यासारखं पाहिलं. मग मिटले. मी त्यांचं बोट धरून पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि सोडून दिलं. बोट बराच वेळ तिथंच होतं. मग हललं. आडवं गेलं, खाली उतरलं. पुन्हा आडवं, पुन्हा खाली. एकेक पायरी.

फोन उघडला. मी म्हणाले, सर, उघडला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट काचेवरून खाली घसरलं आणि टेबलाच्या लाकडावर सावकाश, लांबलचक आडवं जायला लागलं.

"थांब," ते म्हणाले, "नदी राहिली."